सास-फेला जाऊ नका म्हणणाऱ्यांनी आधी महिना सांगावा

गिरिजा_भटकी

'स्वित्झर्लंडमध्ये पैसे वाया घालवणारी ठिकाणं' या कालच्या धाग्यात मुसाफिर_दादरकर यांनी सास-फे या आल्प्समधल्या स्की गावाला पहिला नंबर दिलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गावात शुकशुकाट, अर्धी हॉटेलं बंद, हिमनदीवर नेणारी केबल कार बंद, शाकाहारी माणसाची उपासमार, वर हिमकडे कोसळण्याचा धोका, त्यापेक्षा इंटरलाकेनला राहावं आणि एका दिवसात युंगफ्राउयोख हे बर्फातलं उंच ठिकाण उरकावं. खाली कित्येकांनी 'बरं झालं सांगितलंत, यादीतून काढलं' असं लिहिलं. हे वाचून गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा.

अख्ख्या पोस्टमध्ये महिना लिहिलेला नाही. पण फोटोंत कुरणं पिवळ्या फुलांनी भरलेली आहेत आणि मागच्या उतारावर बर्फाचे तुकडे उरलेत. म्हणजे मे. स्कीचा हंगाम एप्रिलच्या अखेरीकडे संपतो, उन्हाळी हंगाम जूनमध्ये कधीतरी सुरू होतो आणि हिमनदीवरची उन्हाळी स्की साधारण जुलैच्या मध्याला. मधल्या काळात केबल कारचे दोर, पकडी, ब्रेक तपासतात, डबे उतरवून दुरुस्त करतात, हॉटेलांचे कामगार घरी जातात. आल्प्समधल्या बहुतेक स्की गावांची हीच रीत आहे. मेमध्ये सास-फेला जाऊन 'गाव मेलेलं आहे' म्हणणं म्हणजे एप्रिलात माळशेज घाटात जाऊन धबधबे नाहीत अशी तक्रार करणं.

गाव 1,800 मीटरवर आहे, मोटारींना आत बंदी आहे. गाड्या वेशीवरच्या पार्किंगमध्ये ठेवायच्या, आत फक्त छोट्या विजेच्या गाड्या. तिन्ही बाजूंनी चार हजार मीटरवरची शिखरं. पूर्णपणे स्वित्झर्लंडच्या हद्दीत असलेलं सर्वांत उंच शिखर, 4,545 मीटरचं डोम, याच रांगेत. आल्पिन एक्स्प्रेस या केबल कारने 3,000 मीटरवर फेल्सकिन, तिथून डोंगराच्या पोटातून जाणारी मेट्रो आल्पिन (1984 सालची) तुम्हाला 3,500 मीटरच्या आसपास मिटलअलालिनला सोडते. तिथे बर्फात कोरलेली गुहा आहे, फिरतं रेस्टॉरंट आहे, आणि दाराबाहेर पाय ठेवला की समोर हिमनदी. ही वाया जाणारी जागा?

मुसाफिर_दादरकर

मे महिनाच होता, लपवायचं काय त्यात? पण मला सांगा, मराठी कुटुंब युरोपला जातं कधी? शाळांना सुट्टी मेमध्ये असते. जुलैच्या मध्याला मुलांच्या चाचण्या सुरू झालेल्या असतात. तुमचं गाव आमच्या सुट्टीत बंद असेल तर आमच्यासाठी ते बंदच. मी वाचकांना उपयोगी पडेल ते लिहिलं.

युंगफ्राउयोख बाराही महिने चालू असतं. 3,454 मीटर, मे असो की ऑगस्ट, बर्फ हमखास. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून आयगर एक्स्प्रेसने पंधरा मिनिटांत आयगरग्लेट्शर, पुढे बोगद्यातली गाडी. आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, अलेच, थेट वरून दिसते. हिंदुस्तानी जेवणही मिळतं. सासूबाई आणि दोन मुलं घेऊन जाणाऱ्याने आणखी काय शोधायचं?

झुरिकचा_पाटील

दादरकर, मेचा मुद्दा मान्य, तिथे वाद नाही. पण 'एका दिवसात उरकावं' या सल्ल्याने लोकांचे पैसे जातात. युंगफ्राउयोखचं इंटरलाकेनपासूनचं पूर्ण भाडं माणशी 200 फ्रँकच्या वर जातं. स्विस ट्रॅव्हल पास असला तरी ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच फुकट, पुढच्या टप्प्यावर फक्त 25 टक्के सूट. तारीख आणि वेळ आधी धरून ठेवलीत आणि त्या सकाळी वर ढग बसले, तर पांढरी भिंत बघून परत. ढग होते म्हणून कोणी पैसे परत देत नाही.

गावात दोन-तीन रात्री राहणाऱ्याचा खरा फायदा हाच. सकाळी सातला वेबकॅम बघायचा, वर स्वच्छ असेल तर पहिल्या तासात निघायचं, नसेल तर खालच्या पायवाटा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात. वाऱ्याचा वेग वाढला की वरची लिफ्ट थांबवतात, ते फलक वेशीवरच लागतात. आणि पासवर फिस्प या स्टेशनपर्यंत रेल्वे आणि तिथून सास-फेपर्यंत पिवळी पोस्टबस, दोन्ही चालतात. झुरिकहून फिस्प दोन तास, फिस्प स्टेशनसमोरूनच बस, पाऊण-एक तासात गाव. राहणाऱ्यांना पाहुण्यांचं कार्ड मिळतं. त्यात खोऱ्यातल्या बस येतात, आणि उन्हाळ्यात मेट्रो आल्पिन सोडून बहुतेक केबल कारही. अटी हंगामागणिक बदलतात, त्यामुळे बुकिंग करण्याआधी हॉटेलला विचारा: कार्ड कोणत्या तारखेपासून लागू आहे, आणि त्या आठवड्यात कोणत्या लिफ्ट चालू आहेत.

अन्नपूर्णा_कोथरूड

जेवणावर कोणीच नीट बोललं नाही. उपासमार होते ती तयारी नसते म्हणून. रोश्टी, म्हणजे बटाट्याच्या किसाचं थालीपीठ, मागवताना 'श्पेक नको' असं स्पष्ट सांगा. श्पेक म्हणजे डुकराचं मांस, त्याचे तुकडे रोश्टीत घालतात. फोंड्यूमध्ये, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन आणि बहुधा किर्श ही चेरीची दारू असते. राक्लेटच्या चीजला दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्यावं, छोटा कुकर बरोबर न्यावा आणि वरण-भात करावा. तीन लिटरचा कुकर, जास्तीची रिंग, शिट्टी वेगळी गुंडाळून, चेक-इन सामानात. विषय संपला.

दाबमापक

विषय संपत नाही, ताई. कुकर कशाचा, ते सांगायला हवं. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तळाला लोहचुंबक चिकटला तरच तो इंडक्शनचा. अनेक अपार्टमेंटमध्ये काचेच्या पृष्ठभागाची साधी विजेची शेगडी असते, तिच्यावर कुठलाही सपाट बुडाचा चालेल. पण ती बंद केली तरी काही मिनिटं गरम राहते आणि शिट्ट्या होतच राहतात. कुकर उचलून बाजूला ठेवायचा.

दुसरं, 1,800 मीटरवर पाणी सुमारे 94 अंशांना उकळतं. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेइतका, जास्त दाब असतो, पण बाहेरची हवाच तिथे विरळ, त्यामुळे आतलं तापमान 121 ऐवजी 117 च्या आसपास राहतं. वेळ वीसेक टक्के वाढवा. तूरडाळ अर्धा तास भिजवा आणि पुण्यात तीन शिट्ट्या लागत असतील तर तिथे चार करा. उघड्या पातेल्यात तूर शिजवायला जाऊ नका, दाणा तसाच राहतो.

मुक्ता_बाझल

कुकर नेण्याचा हा आग्रह मला अजिबात पटत नाही. फिस्पला बस पकडण्याआधी सुपरमार्केटमध्ये शिरा. मसुराची डाळ, बासमती, हळद, आलं-लसूण, दही सगळं मिळतं. मसूर उघड्या पातेल्यात पंचवीस मिनिटांत शिजते, तेवढ्या उंचीवरसुद्धा. दोन किलोचं लोखंड विमानातून कशासाठी वाहायचं?

आणि फोडणी! स्वयंपाकघरातले चिमणीचे पंखे बऱ्याचदा हवा बाहेर टाकत नाहीत, कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत खोलीतच सोडतात. मोहरी तडतडली, मिरची पडली की धूर छतावरच्या डिटेक्टरपर्यंत जातो. इमारतीचा अलार्म अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर खोट्या अलार्मचं बिल पाहुण्याच्या नावावर येऊ शकतं. खिडकी उघडा, तेल मध्यम आचेवर ठेवा, लगेच झाकण घाला. हॉटेलच्या खोलीत, जिथे स्वयंपाकघर नाही, तिथे किटलीत भात शिजवणं बंद करा. त्यामुळे पुढच्या भारतीय पाहुण्याला खोली नाकारली जाते.

अन्नपूर्णा_कोथरूड

हॉटेलच्या खोलीत शिजवा असं मी कुठे लिहिलं? अपार्टमेंट लिहिलंय. न वाचता अंगावर येऊ नका. मसूर सगळ्यांना चालत नाही, माझ्यासारख्या कित्येक घरांत वरण म्हणजे तूरच. तूप तेवढं घरून न्यावं.

मुक्ता_बाझल

तूप मुळीच नेऊ नका. युरोपीय संघ, नॉर्वे आणि आइसलँड सोडून इतर देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे, तुपाचा डबाही त्यात येतो. विमानतळावर काढून घेतात, दंड वेगळा. सुपरमार्केटमध्ये 'ब्राटबुटर' मिळतं, ते लोणी कढवूनच केलेलं असतं. वेष्टनावर तेलाची भेसळ नाही एवढं बघून घ्या. वरणावर घालायला उत्तम.

अन्नपूर्णा_कोथरूड

तुपाचं माहीत नव्हतं, ते घेते लिहून. कुकर मात्र जाणारच.

मुसाफिर_दादरकर

हा धागा सास-फेचा आहे की रुचकर मेजवानीचा? माझा दुसरा मुद्दा सगळ्यांनी गाळला. ज्या खोऱ्यात हिमकडे कोसळतात तिथे मुलाबाळांना राहायला न्या असं सांगताना काही वाटत नाही? 28 मे 2025 ला याच वालिस प्रांतात ब्लाटेन गाव हिमनदीखाली गाडलं गेलं. सास खोऱ्यात तर 1965 मध्ये अलालिन हिमनदी माटमार्क धरणाच्या कामगारांवर कोसळून 88 माणसं गेली. जून 2024 च्या अखेरीस सास-ग्रुंडमध्ये चिखल-दगडांचा लोंढा आला, रस्ता तुटला.

गिरिजा_भटकी

घटना तिन्ही खऱ्या आहेत आणि कोणी त्या हलक्यात घेऊ नये. पण ब्लाटेनचे सुमारे 300 रहिवासी आधीच हलवले होते, कारण वरचा डोंगर सरकतोय हे मोजमापात दिसत होतं. एक माणूस गेला. जवळजवळ अख्खं गाव गाडलं जाऊनही जीवितहानी तेवढ्यावर राहिली ती देखरेखीमुळे. माटमार्कला कामगारांच्या वसाहतीचे बराक हिमनदीच्या तोंडाखालीच बांधले होते, म्हणून इतके बळी गेले.

पर्यटकाच्या हातात आहे ते त्याने करावं. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला हिमप्रपाताचं पत्रक निघतं, धोक्याच्या पाच पातळ्या असतात. मोकळ्या उतारांवर जाण्याचा विचार असेल तर तिसऱ्या पातळीलाच थांबा. चालायला फक्त गुलाबी पाट्यांच्या हिवाळी वाटा. मिटलअलालिनला खांबांनी आखलेल्या जागेबाहेर फोटोसाठी एक पाऊलही नको. हिमनदीतल्या भेगांवर बर्फाचा पातळ पूल असतो, सकाळी गारठ्यात तो घट्ट वाटतो आणि दुपारी माणसाचं वजन पेलत नाही. बाहेर फिरायचंच असेल तर वाटाड्या, दोर आणि हार्नेस.

झुरिकचा_पाटील

यात उंचीचं राहिलं. 1,800 वरून 3,500 मीटर अर्ध्या तासाच्या आसपास होतं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश. आदल्या रात्री गावात झोपलेल्या माणसाला कमी त्रास होतो, इंटरलाकेनहून (उंची 570 मीटर) थेट चढणाऱ्याला जास्त. पायऱ्या सावकाश, पाणी भरपूर, डोकं ठणकायला लागलं की पुढच्या गाडीने खाली. हृदयविकार किंवा दम्याचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. हा नियम युंगफ्राउयोखलाही तसाच लागू आहे, दादरकर. सासूबाईंसाठी सांगतोय.

उतारप्रेमी

सगळं बोललात, स्कीचं नाव नाही. स्की गावाची किंमत स्कीशिवाय ठरवताय. डिसेंबर ते मार्च नवशिक्यांची जागा गावालगतच असते, सरकत्या पट्ट्यासकट, वरचा महागडा लिफ्ट पास पहिल्या दिवशी घेऊच नका. बूट भाड्याने घेताना सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की बोटं मागे आणि टाच घट्ट. पायात एकच पातळ लांब मोजा. थर्मलची पँट बुटात कोंबली की नडगीवर घडी पडते आणि तासाभरात पाय सोलतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यावर बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) किती जोराला सुटणार ते ठरतं. दुकानात वजन कमी सांगितलंत तर स्की नको तेव्हा सुटेल, 'मला येतं' म्हणालात तर पडल्यावर सुटणार नाही आणि गुडघा जाईल. जीन्स नको, भिजते. स्वित्झर्लंडमध्ये निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. पिवळी म्हणजे न दाबलेला बर्फ, नवशिक्याने तिकडे बघू नये. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आणि क्रीम हवंच. प्रवास विम्यात 'हिवाळी खेळ' वगळलेले नाहीत ना, ते बघा. व्हिसासाठी घेतलेल्या साध्या पॉलिसीत बहुतेकदा वगळलेले असतात आणि हेलिकॉप्टरचं बिल हजारो फ्रँकमध्ये येतं.

आणि उन्हाळी स्की नवशिक्यासाठी नाही. ती राष्ट्रीय पथकांच्या सरावाची, दुपार व्हायच्या आत संपते कारण बर्फाचा लगदा होतो. 2022 च्या जुलैअखेरीस तर बारमाही म्हणवणाऱ्या झेरमाट या स्की गावालाही ती थांबवावी लागली होती.

मुसाफिर_दादरकर

ठीक आहे. माझ्या पोस्टच्या शीर्षकात 'मे महिन्यात' हे दोन शब्द घालतो. सास-फे यादीतून काढत नाही, कारण ही यादी सुट्टीत जाणाऱ्यांसाठी आहे.

गिरिजा_भटकी

घाला. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठीही एक ओळ टाका: तेव्हा सास-फेत वर पथकांचा सराव चालू असला तरी खालची बरीच हॉटेलं हिवाळ्यापर्यंत बंद असतात, आणि टिटलिस या दुसऱ्या हिमशिखरावर नेणारी केबल कारही दर नोव्हेंबरात काही दिवस देखभालीला बंद राहते. विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्या तारखा बघायला सांगा.