डॉक्टर ब्रायडनची पदकं आणि तट्टू देणारा शिपाई

जुनंपान
विल्यम ब्रायडन, बंगाल आर्मीतला असिस्टंट सर्जन. जानेवारी १८४२ मध्ये कंपनीची फौज काबूल सोडून निघाली. साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. आठवड्याभरात बर्फाने आणि अफगाणांनी बहुतेक सगळ्यांचा फडशा पाडला. १३ जानेवारीला ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जलालाबाद किल्ल्याच्या तटावरून एकच गोरा दिसला, मरगळलेल्या तट्टावर. डोक्यावर वार झालेला. टोपीत कोंबलेल्या मासिकाने कवटी वाचवली होती.

पुढे त्याला जलालाबादचं पदक मिळालं, लखनौच्या वेढ्यात गोळी लागली, सीबी (कम्पॅनियन ऑफ द बाथ) हा ब्रिटिश किताबही मिळाला. आणि ते तट्टू? मरणाच्या दारात पडलेल्या एका हिंदी शिपायाने ते त्याला दिलं होतं. त्या माणसाचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. ब्रायडनचं कौतुक वाचलं की मला हे टोचतं.

तटावरचा
टोचणं समजतं, पण राग चुकीच्या माणसावर काढताय. शिपायाने तट्टू दिलं हे कळलं ते ब्रायडनच्याच तोंडून, त्याने ते लपवलं नाही. आणि जलालाबादचं पदक फक्त गोऱ्यांना नव्हतं. ३५व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनीही तो किल्ला राखला, त्यांनाही तेच चांदीचं पदक मिळालं. त्यावरची तारीख ७ एप्रिल १८४२, वेढा फोडला तो दिवस.

रानवाट
ते पदक सरसकट मिळालं, मान्य. पण मोठ्या सन्मानाचं काय? २५-२६ सप्टेंबर १८५७ ला लखनौत होम, जी आणि मॅकमास्टर या तीन सर्जनांनी जखमींना सांभाळलं, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. शौर्य खरंच होतं, शंका नाही. पण त्याच लखनौत रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिशांचं ठाणं, त्यांच्या बाजूने लढवणाऱ्या हिंदी शिपायांना तो मिळूच शकत नव्हता. हिंदी सैनिकांना तो खुला झाला १९११ मध्ये!

तटावरचा
हा दोष नियमांचा. डॉक्टरच्या हातात काय होतं?

अंगणवेल
"एकटाच वाचला" हे तरी थांबवा. गोऱ्यांत एकटा पोचला, एवढंच खरं. कित्येक हिंदी शिपाई आणि नोकर थंडीने हातपाय गमावून काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत होते, काही गुलाम म्हणून विकले गेले. ब्रिटिश फौज सप्टेंबरात परतली तेव्हा ते तिथेच सापडले.

जुनंपान
ब्रायडनवर राग नाही, माझं वाक्य तसं वाचलं गेलं असेल तर माफ करा. "एकच गोरा" मी मुद्दाम लिहिलं होतं. ते तट्टू मात्र तबेल्यात नेताच आडवं झालं आणि पुन्हा उठलं नाही, हेही ब्रायडननेच लिहून ठेवलंय. तट्टाचं शेवटपर्यंत कळलं, मालकाचं नावही नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं.