पॅम्पूटीला वहाण म्हणावे का?

दर्यावर्दी: जॉन मिलिंग्टन सिंग यांनी आयर्लंडच्या अरन बेटांविषयी लिहिलेल्या, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील एका उताऱ्याचा अनुवाद करताना ‘पॅम्पूटी’पाशी अडलो आहे. गाईचे न कमावलेले कातडे केसाळ बाजू बाहेर ठेवून पायाला बेतायचे आणि मासेमारीच्या दोरीने चवड्यावर व टाचेभोवती आवळायचे, अशी ही रचना आहे. मी ‘वहाण’ लिहिले होते. संपादकांनी ‘जोडा’ केले.

शब्दसाधक: संपादकांचे बरोबर आहे. वहाण ही ‘उपानह्’वरून आली असली, तरी चवडा झाकला की तो जोडाच. निःसंदिग्ध शब्द हवा असेल, तर ‘पादत्राण’ आहेच.

माळरान: ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ ही देवळातली पाटी झाली, कोळ्याच्या तोंडी ती कशी शोभेल? सरळ ‘पायताण’ लिहा.

शब्दसाधक: आमच्या भागात पायताणाचे नाव निघाले, की ते पायात नसून हातात असते.

कृष्णाकाठ: आमच्याकडे कोरी कोल्हापुरी चावू नये म्हणून तिला रात्रभर तेल पाजतात. अरनमध्ये पॅम्पूट्या रात्री पाण्यात ठेवत, कारण वाळलेले कच्चे कातडे पाय आणि मोजा दोन्ही कापते. दिवसासुद्धा माणसे मुद्दाम लाटेत पाय भिजवून घेत. जी वस्तू ओलीच वापरावी लागते, तिला आपल्याकडचे कोणतेही नाव दिले तरी वाचक ती कोरडीच समजणार, म्हणून मूळ शब्द ठेवावा.

पदरव: आयरिशमध्ये जोड्याला ‘ब्रोग’ म्हणतात आणि ‘लेह’ म्हणजे अर्धा. तिथल्या लोककथांतला लेप्रेकॉन हा बुटका चांभार नेहमी एकच जोडा शिवत बसलेला असतो, म्हणून ‘लेह-ब्रोग’वरून त्याचे नाव पडले.

शब्दसाधक: ही व्युत्पत्ती गोड आहे, पण रचलेली आहे. जुन्या आयरिशमध्ये तो शब्द ‘लुखोरपान’ असा सापडतो.

दर्यावर्दी: मूळ प्रश्न बाजूला राहिला, तरी दुसरा विचारतो. आयर्लंडच्या खेड्यांतली मुले उन्हाळा लागताच बूट काढून ठेवत, त्यांना ‘अनवाणी’ म्हणावे का?

माळरान: नको, त्या शब्दाला नवसाचा नाहीतर गरिबीचा वास येतो. आयर्लंडमधल्या लॉफ डर्ग सरोवरातल्या बेटावर तीन दिवस बुटांविना प्रायश्चित्त घेणाऱ्या यात्रेकरूंना तो चपखल बसेल. मुलांसाठी मात्र ‘मोकळ्या पायांनी’ म्हणा.

कृष्णाकाठ: ‘अनवाणी’त वहाण नसण्यापलीकडे काहीही नाही, वास आपण लावला.

पदरव: मग झीज वाचवण्यासाठी बूट हातात घेऊन चर्चच्या जवळपास पोचेपर्यंत तसेच चालणाऱ्या बायकांचे काय? त्यांच्यापाशी वहाण तर होती.