पोराचा गुडघा भरून येईल, माझा का नाही?

तांबडी_माती: शिवाजी पेठेतला हाय. पोरगं चौदाचं, तालमीत गुडघ्यावर आपटलं. कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला) बारकी इजा. डॉक्टर म्हणाले, वय लहान, भरून यायची आशा जास्त. माझा गुडघा बघून मात्र "झीज" म्हणाले, विषय संपला. स्टेम सेल, म्हंजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, दोघांच्यातबी असतात न्हवं?

राजारामपुरी_बायो: असतात, पण दोघांच्यात काम वेगळं. उंदराच्या पिल्लांत खूण लावून पाहिलंय: सांध्याच्या पृष्ठभागावरच्या, वंगणाचं प्रथिन बनवणाऱ्या पेशींपासून खालच्या थरातल्या पेशी तयार होतात. वाढ संपत आली की हे विभाजन फार मंदावतं. मोठेपणीही अशा थोड्या पेशी सापडतात. पण कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळं बाहेरून मदत पोचत नाही.

कोलॅजनचं, म्हणजे कूर्चेला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचं, तर आणखी भारी. अणुचाचण्यांमुळं हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून (हा किरणोत्सारी कार्बन; शरीरातला भाग कधी बनला ते यावरून कळतं) डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजन जवळपास बदलतच नाही. म्हणजे भावा, मिसरूड फुटायच्या काळात विणलेलं जाळंच तू अजून वापरतोयस!

तांबडी_माती: आयला! मग ते स्टेम सेलचं इंजेक्शन? एकानं लाखाच्या वर सांगितलंय.

रंकाळा_फेरी: काका, त्या पेशी रुजून पहिल्यासारखी कूर्चा बनवतात याचा ठोस पुरावा नाही. आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. आणि पोराला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आखाड्यात उतरवू नका, वस्ताद कितीही ओरडू देत.