मदत हवी आहे: काचबिंदूचा व्हॉल्व्ह असताना एमआरआय चालतो का?

पंचगंगा: उद्या सकाळी बाबांच्या कमरेचा एमआरआय आहे. फॉर्म बघून सेंटरवाले म्हणतात, डोळ्यात व्हॉल्व्ह आहे, डोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ते डॉक्टर परदेशात, फोन लागत नाही. बाबांचा पाय बधिर होतोय. कोणी केलाय का असा एमआरआय? लवकर सांगा.

रानजाई: कोणता व्हॉल्व्ह? नाव कळल्याशिवाय कोण सांगणार?

पंचगंगा: काचबिंदूचा, डोळ्यातलं पाणी बाहेर काढून दाब कमी करायला बसवतात तो, नेहमीचा.

सदूकाका: एमआरआयच्या फंदात पडू नका. चुंबक धातू ओढतो. सीटी करा, माझ्या साडूचं निदान सीटीवरच झालं.

रानजाई: काका, दबलेली नस सीटीत तेवढी स्पष्ट दिसत नाही. आणि धातू आहेच कुठे? अहमद व्हॉल्व्ह सिलिकॉन-प्लास्टिकचा, मदुराईच्या ऑरोलॅबचं एएडीआय म्हणून तसंच उपकरण असतं, ते सिलिकॉनचं. माझ्या आईला अहमद आहे, तिचा मेंदूचा एमआरआय विनातक्रार झाला.

सदूकाका: मग काचबिंदूतच बसवतात तो एक्स-प्रेस शंट कशाचा असतो? स्टीलचाच ना!

एक्सरेवाला: एक्स-प्रेस स्टीलचा, आयस्टेंट टायटॅनियमचा, हायड्रस निकेल-टायटॅनियमचा, बरोबर. ही सगळी काचबिंदूचीच उपकरणं. पण ती 'एमआर कंडिशनल' आहेत, म्हणजे कंपनीच्या अटी पाळून ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकापर्यंत चालतात. म्हणूनच नाव हवं. ऑपरेशनच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर असतं, शोधा. बाबा काम काय करायचे?

मुक्ता_क: एमआरआयचं नाही, पण काचबिंदूचे ड्रॉप्स कोणते चालू आहेत? टिमोलॉल असेल आणि दमा असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. माझ्या सासूबाईंना फार त्रास झाला होता.

पंचगंगा: ताई, दमा नाही. स्टिकर सापडलं! एएडीआय, डावा डोळा. बाबा शिरोलीला फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला होते. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला की तिथलाच कोणीतरी काढून द्यायचा. त्याचा इथे काय संबंध?

एक्सरेवाला: व्हॉल्व्हपेक्षा तोच जास्त. एएडीआयची चिंता नको. पण लोखंडाचा कण आत राहिला असेल तर चुंबकात हलतो, नजर जाऊ शकते. कमरेचा स्कॅन असला तरी डोकं त्या क्षेत्रात येतंच. आधी डोळ्यांच्या खोबणींचा एक्स-रे काढा. स्टिकरचा फोटो रेडिओलॉजिस्टना आजच पाठवा, चिठ्ठीशिवाय चालेल का ते तेच ठरवतील.

सदूकाका: धातूचं मी पहिल्यापासून सांगतोय.

रानजाई: तुम्ही व्हॉल्व्हबद्दल सांगत होता, काका. पंचगंगा, लघवी अडतेय किंवा नकळत होतेय का? कमरेतल्या नसा जास्त दबल्याची ती खूण असते. तसं असेल तर उद्याची वाट न बघता आत्ता हॉस्पिटल गाठा.

पंचगंगा: नाही, विचारलं त्यांना. फोटो पाठवला, रेडिओलॉजिस्टचा फोन आला. सकाळी आधी एक्स-रे, तो स्वच्छ आला तर लगेच एमआरआय.

मुक्ता_क: डोळ्यात काजळ-सुरमा घालत असतील तर पुसून न्या, त्यातही धातू असू शकतो.