नावीन्य म्हणजे काय, याबद्दल थोडं
‘आधी कुणीच केलं नाही तेच नावीन्य’, हे नेहमी ऐकू येणारं मत मला डिझायनर म्हणून पटत नाही. लाल चौकड्यांची, आखूड नेसायची कुणबी साडी आमच्या गोव्यात मागावरून जवळजवळ नाहीशीच झाली होती. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली, फॅशन शोमध्ये नेली. मी याला अस्सल नवनिर्मिती म्हणेन.

माझा अनुभव सांगते. फोंड्याकडच्या एका बचत गटासाठी कोकम सरबताचं लेबल केलं. स्क्रीनवर फार देखणं दिसायचं. पण फ्रीजमधून काढली की बाटलीला घाम फुटायचा आणि कागद सुटून दुकानदाराच्या ओल्या बोटांना चिकटायचा. तासभर त्या दुकानात उभी राहिले तेव्हा कुठे हे कळलं! मग जाड पुठ्ठ्याची चिठी केली, बाटलीच्या गळ्यात सुतळीने बांधलेली. (चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीची फळं आम्ही केवणीच्या, म्हणजे एका रानझाडाच्या सालीच्या, दोरांनी बांधतो, तिथूनच सुचलं.) रोज संध्याकाळी लेबलं परत चिकटवत बसणाऱ्या बायका आता वेळेवर घरी जातात. नावीन्याचा प्रभाव म्हणतात तो मला तिथे दिसतो. शेजारच्या गटानेही तशीच चिठी मागितली आहे.