जमिनीवर बसलेला सीगल उडतच नाहीये. उचलू की राहू देऊ?

तिसरा_मजला

ऑफिसच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. तिथे कालपासून एक सीगल बसून आहे. गाडी आली की थोडासा सरकतो आणि पुन्हा भिंतीला टेकतो. जवळ गेलं की चोच उघडून धमकावतो, पण उडत नाही.

चांगला मोठा आहे. अंग पांढरं, पाठ राखाडी, चोच पिवळी आणि खालच्या चोचीवर टोकापाशी लाल ठिपका. रक्त कुठे दिसत नाही. दोन्ही पंख अंगाशी नीट मिटलेले आहेत. शीट हिरवट आहे. आणखी एक म्हणजे चोचीच्या टोकाशी सारखा पाण्याचा थेंब जमतो आणि तो मान झटकून उडवतो. सर्दी झाली असेल का? हसू नका, खरंच विचारतेय.

ऑफिसात सल्ल्यांना तोटा नाही. एकाचं म्हणणं, गच्चीवर नेऊन हवेत सोडा, आपोआप उडेल. दुसऱ्याचं, अंगावर पाणी मारा. अकाउंट्समधल्या एका साहेबांनी पाव टाकला, तर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पाव नाकारणारा सीगल मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे मला त्याचीच जास्त धास्ती वाटतेय.

उचलायचा असेल तर कसा? आणि चावतो का?

---

वारा_पडला

पिल्लू असेल. घरट्यातून उतरलेली पिल्लं अशीच जमिनीवर बसतात, आईबाप येऊन भरवतात. हात लावू नका, दोन दिवसांत उडेल.

---

रिकामा_वेळ

गच्चीवरून सोडायला काय हरकत आहे? मोठ्या पक्ष्यांना उंचावरून झेप घ्यावी लागते असं वाचलं होतं. सपाट जागेवर अडकला असेल बिचारा.

---

खारवण

गच्चीचा बेत आधी रद्द करा, बाकीचं नंतर.

सपाट जमिनीवर अडकणारे पक्षी असतात, नाही असं नाही. पाकोळी जमिनीवर पडली तर तिला उठणं जड जातं, आणि वादळात किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या काही समुद्रपक्ष्यांचंही तसंच होतं. पण सीगल, म्हणजे आपला कुरव, त्यातला नव्हे. तो भर पार्किंगमधून, वाळूवरून, पाण्यावरूनसुद्धा जागच्या जागी उठतो. त्यामुळे माणूस हाताच्या अंतरावर आला तरी जो कुरव उडत नाही, त्याचं काहीतरी नक्की बिनसलेलं असतं. अशाला गच्चीवरून सोडलं तर तो दगडासारखा खाली येईल आणि आज जे मोडलेलं नाही तेही मोडेल.

पिसं झडतायत म्हणून उडता येत नसेल, असंही कुणीतरी म्हणेलच, तेव्हा आधीच सांगतो. बदकांची, हंसांची उड्डाणपिसं एकदम गळतात आणि ते काही काळ खरोखर जमिनीला खिळतात. कुरवांची एकेक करून गळतात, त्यांचं उडणं कधी पूर्ण थांबत नाही.

वारा_पडला, पिल्लाचा सल्ला पिल्लाच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. पण पिल्लू चट्ट्यापट्ट्यांचं तपकिरी असतं, चोच काळपट, डोक्यावर कधीकधी लव राहिलेली, आणि वर आईबाप आरडाओरडा करत घिरट्या घालत असतात. त्याला हात लावायचा नाही. अगदी गाड्यांच्या वाटेतच असेल तर जवळच्याच जरा उंच, सुरक्षित जागी ठेवायचं आणि मागे सरायचं. हा पांढऱ्या अंगाचा आणि राखाडी पाठीचा आहे. मोठ्या जातीच्या कुरवांना हा पेहराव यायला साधारण चार वर्षं लागतात. तो लाल ठिपकाही प्रौढाचाच. पिल्लं त्यावर चोच मारतात आणि मग आईबाप पोटातलं ओकून भरवतात. निको टिंबर्गन या शास्त्रज्ञाने याच ठिपक्यावर प्रयोग केले होते. प्राण्यांच्या वागण्यावरच्या कामासाठी त्यांना 1973 साली नोबेल मिळालं, दोघांबरोबर विभागून. असो, विषय भरकटला.

थेंबाबद्दल. ती सर्दी नव्हे. कुरवांच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. खारं पाणी प्यायल्यावर जास्तीचं मीठ तिथे वेगळं होतं, नाकपुडीतून बाहेर येतं आणि चोचीवरून ओघळत टोकाशी थांबतं. मान झटकणं त्यासाठीच. धडधाकट पक्ष्यातही हे दिसतं. हिरवट शीट मात्र चांगली नाही. पोटात अन्न नसलं की नुसतं पित्त उतरतं, म्हणजे पाव टाकण्याच्या आधीपासूनच याचं खाणं बंद आहे.

आता तुम्ही एक काम करा. सगळे पंख बघत बसतात, तुम्ही पाय बघा. दोन-तीन पावलं लांबून त्याला जरा चालवा आणि पाहा: पाय नीट टाकतो की घोट्यांवर बसून सरपटतो? (उलटा वाकणारा गुडघा वाटतो ना, तो खरं तर घोटा.) एका पायावर नुसता उभा असेल तर काळजी नको, तो विश्रांती घेतोय. मान सरळ आहे की वाकडी, थरथरते का? डोळे स्वच्छ आहेत का? चोचीतून किंवा पायापाशी मासेमारीची दोरी लोंबतेय का? दोरी असेल तर ओढू नका आणि तोंडापाशी कापूही नका. दुसऱ्या टोकाला गळ पोटात असू शकतो, आणि डॉक्टरांना तो शोधायला ती दोरीच लागते.

आजूबाजूला आणखी आजारी किंवा मेलेले पक्षी आहेत का, हेही बघा. असतील तर हात न लावता आधी प्रशासनाला कळवा. बर्ड फ्लूने 2023 मध्ये युरोपात काळ्या डोक्याच्या कुरवांच्या वसाहतीच्या वसाहती उठवल्या होत्या.

---

तिसरा_मजला

बाप रे, इतकं? थांबा, बघून आले.

दोरी नाही. मान सरळ, थरथरत नाही. पण पायांचं तुम्ही म्हणालात तसंच आहे! उभा राहतच नाही. घोट्यांवर बसलाय आणि मी पुढे झाले तेव्हा दोन्ही पंख अर्धवट उघडून जमिनीवर टेकले, त्यांच्या कुबड्या करून पुढे सरकला. म्हणून मला काल वाटलं की चालतोय. पायाला मात्र सूज नाही, जखम नाही, मोडलेला वाटत नाही. दोन्ही पाय सारखेच ढिले. आणि डोळ्यावर मधूनच एक पांढुरकी पातळ पापणी येते, ती मागे जायला वेळ लावते.

मेलेला पक्षी एक दिसला, पलीकडच्या साचलेल्या डबक्यापाशी. कावळा असावा, जुना आहे, अळ्या पडल्यात. त्याला हात लावलेला नाही.

---

खारवण

फार नेमकं पाहिलंत. गाडीने ठोकरलं असतं तर एक पाय गेला असता, किंवा एक पंख लोंबला असता. दोन्ही पाय एकदम ढिले, तिसरी पापणी मंदावलेली, मान अजून शाबूत, आणि शेजारी उन्हात तापलेलं डबकं नि अळ्या. मला तरी हे बोटुलिझम वाटतं, म्हणजे एका जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडणं. खात्री डॉक्टरच करतील, शिशाच्या विषबाधेतही काहीसं असंच दिसतं.

हा जंतू हवा नसलेल्या ठिकाणी, सडणाऱ्या मांसात, उष्म्यात वाढतो आणि विष तयार करतो. अळ्या ते विष अंगात साठवतात आणि त्यांना काही होत नाही. पक्षी अळ्या टिपतो आणि त्याचे स्नायू एकामागून एक लुळे पडत जातात. पाय आणि उडण्याची ताकद जाते, मग पापणी, शेवटी मान. मान गेली की वीतभर पाण्यातही पक्षी बुडून मरतो. तुमच्याकडच्याची मान अजून उभी आहे, म्हणजे वेळ आहे. यातले वेळेवर हाती लागलेले पक्षी बरेचदा पूर्ण बरे होऊन उडून जातात. मोडलेल्या पंखाच्या बाबतीत हे मी इतक्या सहज लिहिलं नसतं.

तेव्हा उचला. आधी वन्यजीव बचाव केंद्राला किंवा पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन. ते येणार असतील तर उत्तम, नाहीतर तुम्ही न्यायचा.

चावतो का? हो. चोचीच्या टोकाला आकडी असते आणि तो नेमका चेहऱ्याकडे झेपावतो. हातमोजे, मास्क, चष्मा असेल तर चष्मा. मागून जाऊन डोक्यासकट अंगावर जाडसर टॉवेल टाका. डोळे झाकले की निम्मा विरोध मावळतो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटलेलेच धरून उचला आणि तुमच्या चेहऱ्यापासून लांब, कमरेपाशी ठेवा. छाती आवळू नका, पक्ष्याचा श्वास छातीचं हाड हलण्यावर चालतो. चोच बांधायची नाही. घाबरलेला कुरव ओकतो, आणि चोच बांधलेली असली की तेच श्वासनलिकेत जातं. तुमच्या अंगावर ओकला तर मात्र कपड्यांचा मोह सोडा, तो वास धुऊनही पटकन जात नाही.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या. भोकं आधी पाडा, पक्षी आत असताना नव्हे. तळाला वर्तमानपत्र नको, ढिल्या पायांना ते घसरतं. टॉवेल अंथरा आणि दुसऱ्या टॉवेलची चुंबळ करून त्यात त्याला बसवा, म्हणजे छाती टेकलेली राहील आणि मान पुढे पडली तरी आधार मिळेल. झाकण बंद, अंधार, शांतता. दर पाच मिनिटांनी उघडून फोटो काढायचे नाहीत, ऑफिसातल्या सगळ्यांना हे निक्षून सांगा.

आणि पाणी पाजू नका. ड्रॉपर नाही, चमचा नाही. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. गिळण्याची ताकद गेलेल्या पक्ष्याला प्रेमाने पाजलेलं पाणी सरळ फुप्फुसात उतरतं.

---

रिकामा_वेळ

गच्चीचा सल्ला मागे घेतो. पण एक शंका: साधं डोकं आपटलं असेल, काचेवर वगैरे, तर?

---

पीसपाटी

मी पशुवैद्य आहे, वर खारवण यांनी बहुतेक सगळं सांगितलंय. काचेवर आपटलेला पक्षी सुन्न बसतो, पण पाय सहसा असे दोन्ही बाजूंनी सारखे ढिले पडत नाहीत. त्याला तास-दोन तास अंधाऱ्या खोक्यात ठेवलं की बरेचदा तरतरी येते. न आल्यास दवाखाना.

दोन गोष्टी जोडते. एक, पंख लोंबत असेल तर घरी पट्टी बांधू नका. बऱ्याच पक्ष्यांच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि ते श्वसनाच्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, चुकीच्या ताणाने नुकसान वाढतं. दोन, तेल लागलेला पक्षी असेल तर साबणाने धुवायला घेऊ नका. आधी उबेला ठेवून त्याला सावरावं लागतं, अशक्त पक्षी त्या धुण्यानेच दगावतो.

केंद्रात नेल्यावर "कुठे, कधी दिसला, काय खाल्लं, शीट कशी, जवळ काय मेलेलं होतं" हे सगळं सांगा. तुमचं ते तिसऱ्या पापणीचं निरीक्षण तर नक्की सांगा. पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असेल तर तिच्यावरचा क्रमांकही लिहून घ्या.

---

तिसरा_मजला

पोचवला. कडी नव्हती.

टॉवेल टाकला तेव्हा जो आवाज काढला त्याने खिडक्या उघडल्या गेल्या, पण हातात आल्यावर अगदी गप्प झाला. वजन लागलंच नाही. एवढा मोठा दिसणारा पक्षी आणि हातात नुसतं पिसांचं गाठोडं, छातीचं हाड टॉवेलमधूनही टोचत होतं. माझ्या बाहीवर ओकलाच, आणि त्यात अळ्या होत्या. केंद्रातल्या डॉक्टरांना तेवढंच पुरलं. त्यांचाही अंदाज बोटुलिझमचाच. सलाइन दिलंय, पायांना धरून हलकेच हलवतायत. त्या म्हणाल्या, अजून मान धरतोय, बघू.

पण आता त्या डबक्याचं काय? आज तिथे आणखी दोन सीगल उतरले होते. आणि आमच्या वॉचमनचा कुत्राही तिकडेच फिरतो.

---

खारवण

ते डबकं आजच्या आज. मेलेला पक्षी, त्यात अळ्या, त्या खाऊन आणखी मेलेला पक्षी, असंच हे फिरत राहतं. कळवायला सांगितलं होतं ते बर्ड फ्लूसाठी, तेव्हा तो फोन आधी करा. नमुना हवा असेल तर ते स्वतः नेतील. नको म्हणाले तर हातमोजे नि मास्क घालून, फावड्याने, खालच्या मातीसकट उचला म्हणजे अळ्या मागे राहणार नाहीत. दोन पिशव्यांत बांधा, आणि टाकायचं कुठे हे त्यांनाच विचारा. मग डबक्याचं पाणी काढून जागा बुजवा.

कुत्र्याला तोवर बांधून ठेवायला सांगा. असं कलेवर खाऊन कुत्रीही लुळी पडतात.

---

तिसरा_मजला

फोन केला, ते सकाळी माणूस पाठवतायत. तोवर डबक्यावर ताडपत्री घातलीय, कडेला विटा ठेवल्यात. कुत्रा बांधलाय आणि वॉचमन माझ्यावर नाराज आहे.

---

खारवण

चालेल. ताडपत्रीच्या कडा मात्र नीट दाबा, कावळे ओढून काढतात.