माइक एक पायरी खाली का उतरवला?

सुलोचनाआत्या: सर्वांना सलाम. काल महिला रविवारच्या संदेशासाठी आपल्या करुणाला चर्चच्या पंचांनी रीतसर बोलावले होते. तरीही उपासनेच्या पाच मिनिटे आधी त्यांच्यापैकीच एकाने (कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे) माइकचा स्टँड पुलपीटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, उचलून पायरीखाली फुलदाणीशेजारी आणून ठेवला आणि 'बाईंनी इथूनच बोलावे' असे सांगितले. ती पितळी फुलदाणी शनिवारी मी चिंचेने घासून ठेवली होती. तिला मात्र वर-खाली कुठेही ठेवायला कोणाची हरकत नसते.

दिनकरकाका: सलाम. वैयक्तिक काही नाही. पौलाचे तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय 2, वचन 12 सर्वांनी वाचावे: स्त्रीने शिकवू नये व पुरुषावर अधिकार चालवू नये.

रत्नाकरदादा: वाचले आहे, काका. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या व संदेश सांगणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे, असे तोच पौल म्हणतो. मंडळीत (चर्चच्या सभेत) तिने तोंडच उघडायचे नव्हते, तर पदराचा नियम त्याने कोणासाठी घालून दिला?

दिनकरकाका: संदेश सांगणे वेगळे आणि अधिकाराने शिकवणे वेगळे. शिवाय पौल लगेच 13व्या वचनात आदाम प्रथम घडवला गेला हे कारण देतो, म्हणजे ही आज्ञा एका गावापुरती नाही. प्रिस्किल्लेने अपुल्लोस या उपदेशकाला समजावले, पण ते घरी बोलावून.

रत्नाकरदादा: त्या काळी मंडळी घरातच भरत होती, काका. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगा, असे रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात लिहिले आहे.

मार्थावहिनी, वसई: मी कॅथलिक, त्यामुळे तुमच्या पंचांविषयी बोलत नाही. आमच्याकडे तर पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 साली पत्र काढून स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे सांगून टाकले. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली. वास्तविक मिस्सात (आमच्या उपासनेत) वाचन आम्ही कितीतरी आधीपासून करीत होतो.

विनय: म्हणजे पोपनी वहिनींना पायरीवर घेतले आणि आमच्या पंचांनी करुणाला खाली उतरवले. हिशेब जुळला.

मार्थावहिनी, वसई: विनयभावजी, 'तुमच्यात बायकांना काही किंमत नसते' हे मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच नाताळात कोणी ऐकवले होते, ते आठवत असेलच.

विनय: तेव्हा मी लहान होतो, वहिनी.

मार्थावहिनी, वसई: सत्तावीस वर्षांचे होतात.

सुलोचनाआत्या: विषय भरकटू देऊ नका. दिनकर, पंडिता रमाबाई इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात होत्या, तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवू नये अशी हरकत बिशपांनीच घेतली होती. पुढे त्याच बाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1924 साली, ते पूर्ण छापून निघाले. त्या छापखान्यातसुद्धा त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुलीच काम करीत होत्या.

दिनकरकाका: ताई, रमाबाईंविषयी मला आदर आहे, परंतु भाषांतर करणे म्हणजे मंडळीवर अधिकार चालवणे नव्हे. तीमथ्याला पहिले पत्र, 2:12.

रत्नाकरदादा: दक्षिण भारत मंडळीने 2013 साली नंद्यालला स्त्री बिशप नेमली. तिथले तीमथ्याला पत्र वेगळे आहे का?

दिनकरकाका: कोणी काय केले, हा मुद्दा नाही. वचन काय सांगते, हा मुद्दा आहे. 2:12.

सविताकाकू: प्रभुभोजनाचे कापड धुऊन, इस्त्री करून वेदीवर अंथरायला मी दर महिन्याला ती पायरी चढते. इतक्या वर्षांत मला कोणी खाली थांबवले नाही, आणि घरातल्या एका माणसानेही कधी 2:12 काढले नाही.

विनय: काकू, आज काकांचा चहा बंद दिसतो.

करुणा: आत्या, मी तेव्हाच वाद घातला नाही, कारण समोर संडे स्कूलची मुले बसली होती. मग्दालीया मरीयेवर बोलायचे ठरवले होते, तेच बोलले. पुनरुत्थानाची वार्ता प्रभूने आधी तिच्याकडे देऊन तिला शिष्यांकडे पाठवले, एवढेच सांगितले. मला वाईट वाटले ते स्टँडचे. तो खाली गेल्यामुळे वायर ताणली गेली आणि मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचला नाही.

दिनकरकाका: माझे मत बदललेले नाही, हे पुन्हा नमूद करतो. 2:12. करुणा, मी मागच्या बाकावर होतो. योहानाच्या 20व्या अध्यायानंतरचे काहीच ऐकू आले नाही, तेव्हा संदेश लिहिलेला असेल तर त्याची प्रत मला पाठव.

सविताकाकू: ग्रुपवर नको, करुणा. त्यांना घरी येऊन दे, आणि समोर बसवून वाचून दाखव.